डोंगराचा धूर, रोहूचं मुंडकं

पवनीत माणसाचा धंदा एका शब्दात सांगता आला पाहिजे, अशी गावाची शिस्त आहे. हा मास्तर, तो कोष्टी, हा कंपाउंडर, तो पाटबंधाऱ्यातला बाबू. वेशीजवळच्या ओट्यावर जो दिवसभर बसून असतो तो काहीच करत नाही. पण तेही एका शब्दात सांगता येतं. आमची अडचण व्हायची ती फक्त मंगरूच्या बाबतीत.

मंगरू डोमाजी नान्हे हा आमच्या घरामागच्या ढिवरपुऱ्यातला, मासेमारांच्या वस्तीतला. नागपूरला सरकारी हापिसात नोकरीला, इथवर कुणाची तक्रार नव्हती. हापिस दगडांचं, म्हणजे दगडांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचं. तिथं मंगरूचा हुद्दा होता खलाशी. आता नागपुरात अंबाझरी सोडली तर बुडायलासुद्धा धड पाणी नाही, तिथं सरकारनं खलाशी कशाला पाळावा? मंगरू न कंटाळता समजावून सांगायचा की तंबू ठोकणं, पेट्या उचलणं, साहेबांचं यंत्र डोक्यावरून नेणं, हे सगळं करणाऱ्याला सरकार खलाशीच म्हणतं. हळूहळू लोकांना ते पटतही आलं होतं. तेवढ्यात, आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला त्या सालच्या दिवाळीत, मंगरूनं चहाच्या टपरीवर सांगितलं की थंडी सरायच्या आत तो समुद्रातल्या एका बेटावर जाणार आहे, तिथं आगीचा डोंगर आहे, आणि त्या डोंगराचा धूर मोजायचा आहे.

टपरीवाला टेकचंद चहा गाळत होता. त्याचा हात तसाच राहिला.

"धूर मोजाचा? कायनं? पायलीनं?"

"यंत्रानं."

"आन् मोजून ठेवाचा कुठी?"

"ठेवाचा नसते गा. किती निंगते तेवढं पाहाचं. दुरूनच."

"दुरूनच पाहाचं तं पवनीतून पाय न. एवढ्या दूर कायले जाऊन राहिला?"

टपरीवर जो हशा झाला त्याचे पडसाद गावात महिनाभर फिरले. भडभुंज्यानं मंगरूला हाक मारून आपल्या भट्टीचा अंदाज विचारला. होमहवन आटोपलेल्या एका भटजींनी तर "आमचा वरपर्यंत पोचला का ते पाहा" असा निरोप पाठवला. नदीवर धुणं धुताना रुखमानं मंगरूच्या बायकोला, बेबीबाईला छेडलं, "आमच्या सयपाकघरात लय धूर कोंडते वो बाई. तुह्या नवऱ्याले पाठव न."

बेबीबाई लुगडं आपटता आपटता म्हणाली, "पाठवतो न. पन त्याईले समुद्रातला धूर लागते. चुलीतला धूर तं तुहा नवराई पाहून घेईन."

या सगळ्या गावात एकच माणूस हसला नाही. तो म्हणजे मंगरूचा बाप. आणि मंगरूचं सारं दुखणं तिथंच होतं.

डोमाजी नान्हे हा वैनगंगेच्या पात्रातून काढून काठावर उभा केलेला बांबू होता. तसाच उंच, तसाच वाळलेला, आणि बोलण्याच्या बाबतीतही तसाच. त्यांच्या हातचं जाळं पाण्यावर पडताना जो गोल धरायचं तो पाहायला आम्ही घाटावर मुद्दाम जात असू. त्यांच्या घरी एक नियम होता. मासा शिजला की मुंडकं त्याचं, जो डोंग्यावर, म्हणजे नावेत होता, ज्याचा हात जाळ्याला लागला. पाहुणा कितीही मोठा असो, व्याही असो, सरपंच असो, त्याला पाठीचा जाड तुकडा मिळेल, मान मिळेल, पान मिळेल. मुंडकं मिळणार नाही. मंगरूला मिसरूड फुटत होती तेव्हा त्याच्या ताटात पहिल्यांदा मुंडकं पडलं. त्या दिवशी तो आमच्या घरावरून तीनदा विनाकारण गेला होता. चौथ्यांदा माझ्या आईनं त्याला बोलावून विचारलं, तेव्हा कुठं त्याचा जीव शांत झाला.

पुढं आणीबाणीच्या सुमारास वासुदेवराव नावाचे साहेब पवनीत आले. काठाकाठाचे खडक पाहायचे होते आणि जीप काठाकाठानं जाईना. म्हणून डोमाजींचा डोंगा ठरला. डोंगा मंगरू चालवी. साहेबांना पोहता येत नव्हतं. ते एका हातानं मंगरूचा खांदा धरत आणि दुसऱ्या हातानं खडक दाखवत. तो हिवाळा असा गेला. जाताना साहेब म्हणाले, येतोस का नागपूरला? आणि मंगरू, ज्याचं लग्न होऊन अजून हळद उतरली नव्हती, तो हो म्हणाला.

"का रे गेलास?" असं मी त्याला एकदा घाटावर विचारलं होतं.

तो म्हणाला, "साहेब एक दगड दाखवून म्हनाले गुरुजी, का हा दगड या नदीच्याही आधीचा आहे. मी जनमभर त्याच दगडाले डोंगा बांधत होतो. मले वाटलं, हे आनखी थोडं आयकावं."

डोमाजी त्यावर एवढंच बोलले होते: "पानी सोडलं त्यानं."

पुढल्या दिवाळीला मंगरू रजेवर आला. घरात रोहू शिजला. डोमाजी नेहमीप्रमाणे पातेल्याजवळ पाट टाकून बसले, पळीनं तुकडे दाखवत गेले आणि बेबीबाई वाढत गेली. मंगरूच्या ताटात शेपटी आली. रोहूच्या शेपटीत किती काटे असतात ते ज्यानं खाल्ली त्यालाच ठाऊक. जेवण कमी आणि शिवणकाम जास्त. मंगरू मुकाट्यानं जेवला. तेव्हापासून दर रजेला शेपटी. एका वर्षी बेबीबाईनं गालाचा मऊ तुकडा भाताखाली दडवून नवऱ्याच्या ताटात सरकवला. डोमाजी म्हणाले, "पोरी, ताट पाहून वाढ." झालं. पुन्हा तिची छाती झाली नाही.

बेबीबाई माझ्या बायकोकडे मन मोकळं करी. म्हणे, "त्याईले मुंडक्याचं काई नाई वो ताई. नागपूरले खानावळीत भेटते तसं. पन मामाजी तोंडानं बोलतच नाईत न त्याईच्यासंग. जे बोलाचं ते ताटात बोलतेत."

आणि मंगरूनं स्वतः मला काय म्हटलं होतं तेही सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. तो म्हणाला होता, "एकडाव बानं म्हनावं गुरुजी, का मंगऱ्या अजूनई ढिवरच आहे. मंग शेपटी का असेना."

आता धुरीचं सांगायला हवं.

आमच्याकडे तलाव पुष्कळ. ढिवरांना कधी या गावचा तलाव मिळतो, कधी त्या गावचा. नव्या पाण्यावर पहिल्यांदा जाळं टाकायच्या आधी डोमाजी डोंग्याच्या टोकाशी एका खापरात निखारे ठेवत, त्यावर राळ टाकत, आणि राळेबरोबर त्याच तलावाच्या काठाची एखादी वस्तू. वाळकं पान, साल, देवनळाची काडी, काहीही; पण त्याच काठाची. धुरी डोंगा हलायच्या आधी द्यायची, आणि धूर पाण्यावरून फिरला की खापर पाण्यात सोडायचं. मी एकदा कारण विचारलं होतं. डोमाजी म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी गेलो तं त्याच्याच चुलीवरचा चहा पेतो न आपन? का घरून भरून नेतो?" हे एका पाण्याला एकदाच करायचं. दुसऱ्यांदा केलं तर पाण्याला वाटतं, हा पाहुणा आपल्याला विसरला.

बेटावर जायला पवनीहून निघायच्या आदल्या दिवशी मंगरूनं बापाच्या कोपऱ्यातल्या डब्यातून थोडी राळ काढून घेतली. विचारून घ्यायची तर बापाशी बोलावं लागलं असतं, आणि ती सोय त्या घरात उरली नव्हती.

मद्रासहून मोठं जहाज, मग अंदमान, मग तिथून लहान जहाज. समुद्र लागून वासुदेवराव साहेब पूर्ण आडवे झाले होते आणि मंगरू त्यांच्या उशाशी लिंबू घेऊन बसला होता. मंगरूला काही झालं नाही. समुद्राबद्दल त्याचं मत एवढंच होतं की पाणी चांगलं आहे पण मिठाचा हात जरा जड झाला.

बेट म्हणजे पाण्यातून वर आलेला एक काळा डोंगर. माणूस राहत नाही. काठावर काळी राख आणि गोठलेला दगड, आणि त्या दगडांवरून चरत हिंडणाऱ्या बकऱ्या. कुण्या काळी कुण्या जहाजानं सोडलेल्या. त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची गावठाणं तिथं वसली होती. माणसं पाहून बकऱ्यांनी जो चेहरा केला तो, मंगरू म्हणे, हुबेहूब टेकचंदसारखा होता: कायले आले?

डोंगर त्या काळी झोपलेला होता. पण झोपलेला म्हणजे मेलेला नाही. वरच्या भेगांतून पांढरी वाफ निघत होती आणि भेगांच्या तोंडाशी पिवळा गंधक साचला होता. साहेब वर जाऊन आले आणि त्यातला बोराएवढा खडा त्यांनी मंगरूच्या हातात ठेवला. "ठेव, आठवण म्हणून."

यंत्राचं काम साहेबांनी मंगरूला जसं सांगितलं तसं सांगतो, म्हणजे मलाही कळेल. डोंगराच्या पोटात काय चाललं आहे ते आत शिरून पाहता येत नाही. पण त्याच्या श्वासातून कळतं. श्वासात गंधकाचा वायू किती, यावरून डोंगर गाढ झोपलाय की कूस बदलतोय याचा अंदाज बांधता येतो. आणि तो वायू पकडून आणावा लागत नाही. वरून येणारा उजेड त्या वायूतून खाली येतो तेव्हा वायू त्या उजेडातला थोडासा भाग खाऊन टाकतो. यंत्राची दुर्बीण आकाशाकडे तोंड करून ठेवायची, बोट धुराच्या पट्ट्याखालून सरळ न्यायची, आणि किती उजेड खाल्ला गेला ते यंत्रातली सुई कागदावर रेघ मारून सांगते. वायू नसेल तर रेघ सपाट. असेल तर टेकडी.

साहेबांनी या यंत्रासाठी कैक वर्षं अर्ज केले होते. शेवटी ते परदेशातून एका हंगामापुरतं उसनं आलं होतं. उसनी वस्तू किती जपावी लागते ते शेजाऱ्याची इस्त्री आणलेल्या कुठल्याही माणसाला ठाऊक आहे. साहेब त्या यंत्राला रात्री स्वतःचं पांघरूण घालत.

पहिल्या फेरीची सकाळ. समुद्र तलावासारखा. बोटीच्या मध्यभागी यंत्र, यंत्राशी साहेब, पुढच्या टोकाशी मंगरू, आणि मागं इंजिनपाशी भैयालाल नावाचा बोटवाला. इंजिन सुरू व्हायच्या आधी मंगरूनं तुकडीच्या स्वयंपाक्याच्या चुलीतले निखारे एका करवंटीत घेतले. नवं पाणी होतं. एवढं मोठं नवं पाणी ढिवरपुऱ्यातल्या कुणी पाहिलं नव्हतं. त्यावर बापाच्या डब्यातली राळ टाकली. आता काठाची वस्तू. काठावर पान नाही, काडी नाही. जे होतं ते खिशात होतं. मंगरूनं पिवळा खडा फोडून निखाऱ्यांवर ठेवला आणि हात जोडले.

वारा पुढून मागं वाहत होता. बोट हलली.

आणि सुई उठली. अशी उठली की साहेबांची टोपी पडली. कागदावर टेकडी नव्हे, सातपुडा उभा राहिला. "मंगरू," साहेब म्हणाले. त्यांनी भैयालालचा हात धरून हलवला. भैयालालला काही कळलं नाही, पण साहेब आनंदात आहेत म्हटल्यावर त्यानंही परत हलवला. "डोंगर जागा आहे रे," साहेब म्हणाले. मंगरूला तर काय करू नि काय नको झालं. धुरी पावली होती. नवं पाणी एवढ्या लवकर प्रसन्न झालेलं त्यानं बापाच्या हातूनही पाहिलं नव्हतं. त्यानं समाधानानं करवंटी पाण्यात सोडून दिली.

एकाच धुरावर दोन माणसं दोन वेगवेगळ्या कारणांनी एवढी खूश झालेली त्या बेटानं पहिल्यांदाच पाहिली असतील. बकऱ्या तेवढ्या काठावरून गंभीरपणे बघत होत्या.

दुसऱ्या फेरीला रेघ सपाट. तिसरीला सपाट. साहेबांनी दुर्बीण पुसली, तारा हलवल्या, बोट आणखी हळू चालवायला लावली. सपाट. दुपारपर्यंत साहेबांचा चेहरा त्या रेघेसारखाच झाला. डोंगर फक्त सकाळीच श्वास घेतो का, असं ते स्वतःशी पुटपुटू लागले. मंगरूला ते बघवेना. तो धीर द्यायला म्हणाला:

"सकायी तं लगेच हालली होती न जी. धुरी देल्ली होती ना. आता पुन्हा देता येत नाई, नाईतं देल्ली असती."

साहेबांनी सावकाश मान वळवली. "धुरी? कसली धुरी?"

"नव्या पान्याची जी. राळ, आन् तुमी देल्ला तो पिवळा दगड."

"जाळलास?"

"हव जी."

"कुठं?"

मंगरूनं बोटीचं टोक दाखवलं. साहेबांनी टोकाकडे पाहिलं, मग दुर्बिणीच्या तोंडाकडे, मग वाऱ्याकडे. मग ते यंत्राच्या रिकाम्या पेटीवर बसले. गंधक जळला की जो वायू निघतो तोच वायू शोधायला सरकारनं त्यांना एवढ्या दूर पाठवलं होतं.

"अरे मंगरू," ते शेवटी म्हणाले, "डोंगराचा श्वास मोजायला आलो आणि सकाळपासून तुझी पूजा मोजून बसलोय."

मागं भैयालाल हसायला लागला. त्याचं हसणं थांबेना म्हणून साहेबही हसले, पण त्यांचं हसणं फार वेळ टिकलं नाही. मंगरूला समजलं होतं. उसनं यंत्र, एवढी यातायात, आणि ढिवराच्या पोरानं पहिल्याच फेरीत घाण केली.

"पुन्हा करशील?" साहेबांनी विचारलं.

"नाई जी. एका पान्याले एकडावच असते."

"नशीब माझं," साहेब म्हणाले, आणि बोट वळवायला सांगितली.

निघायच्या आदल्या दिवशी वारा पडला होता, आकाश धुतल्यासारखं होतं. त्या फेरीला सुई थोडीशी, अगदी थोडीशी वर गेली आणि खाली आली. कागदावर एक लहानसा उंचवटा. नांगरलेल्या बांधीत ढेकूळ राहावं तेवढा. साहेब त्याच्याकडे फार वेळ पाहत राहिले. "तुझ्या करवंटीपुढं हे काहीच नाही," ते मंगरूला म्हणाले. "पण हे डोंगराचं स्वतःचं आहे."

मंगरू पवनीला परत आला तो समुद्राच्या गोष्टी घेऊन. बकऱ्या सांगितल्या, उडणारे मासे सांगितले, साहेबांना समुद्र लागल्याचं सांगितलं. टेकचंदनं विचारलं, किती भरला धूर? मंगरू म्हणाला, "ढेकळाएवढा." लोकांना तो नम्रपणा वाटला. धुरीची गोष्ट मात्र त्यानं कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही. आपल्या हातून साहेबांचं काम बिघडलं ही गोष्ट सांगायची कशी? आणि बापाच्या कानावर गेली तर तो म्हणेल, दोन्हीकडून गेला. पाणी सोडलं ते सोडलं, दगडातही उजेड पाडला नाही.

घरात त्या रजेलाही शेपटीच आली. वर डोमाजी सुनेवर चिडलेले होते. राळेचा डबा कमी भरत होता. "चुलीत टाकतं का काय राळ?" असं त्यांनी तिला सुनावलं होतं. ती बिचारी उंदरांवर ढकलून मोकळी झाली. डोमाजींनी डब्याशेजारी पिंजरा लावला. त्यात उंदीर काही सापडला नाही.

उन्हाळा लागता लागता वासुदेवराव साहेब पवनीत आले. आसगावकडं एका खोल विहिरीत कुठलासा वेगळा दगड लागला होता, तो पाहायचा होता. मंगरू बरोबर होताच. साहेबांनी त्या डोंग्यावरच्या हिवाळ्यापासूनची एक इच्छा बोलून दाखवली: डोमाजींच्या घरचा रोहू खायचा.

मला बोलावणं आलं. डोमाजींचा निरोप होता की साहेबासंग बसाले एक शिकलेला माणूस पाहिजे. मी लगेच शर्ट बदलला. शिक्षणाचा उपयोग आयुष्यात असा क्वचितच होतो.

परसातल्या सावलीत पाट मांडले होते. चिन्नोर तांदळाचा भात, जवसाच्या तेलातला रस्सा. वास असा की शेजारच्या दोन घरांतली माणसं उगाच कुंपणाशी येऊन जात होती. डोमाजी पातेल्याजवळ पळी घेऊन बसले. बेबीबाई दाराशी पदर सावरून उभी. ताटात अजून भातच पडला होता. साहेबांना वाटलं, काहीतरी बोललं पाहिजे, आणि त्यांनी जे बोलू नये तेच नेमकं काढलं.

"डोमाजी, तुमच्या मुलानं मला तिकडं चांगलंच गोत्यात आणलं होतं. सांगितलं का नाही यानं?"

मंगरूनं मान खाली घातली. डोमाजींनी पळी तशीच धरून ठेवली. साहेब हसत हसत सांगू लागले. कसं यंत्र, कशी पहिली फेरी, कशी ती सुई उठली, कसा त्यांनी भैयालालचा हात धरला. आणि मग ती करवंटी. मी मंगरूकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. भातात तो बोटानं रेघा ओढत होता, अगदी सपाट रेघा.

सांगून झालं. साहेब एकटेच हसत होते. डोमाजींचा चेहरा हलला नाही.

"कायची धुरी होती जी?" त्यांनी साहेबांना विचारलं. मुलाला नाही, साहेबांना.

"राळ होती, आणि तो गंधकाचा खडा."

"खडा कुठचा?"

"त्याच बेटावरचा. मीच दिला होता. आठवण म्हणून ठेव म्हटलं, तर यानं जाळला."

"त्याच काठचा?"

"त्याच."

"बोट हालल्यावर देल्ली का आधी?"

साहेबांनी क्षणभर आठवून पाहिलं. "आधी. बोट हलायच्या आधी. करवंटी नंतर पाण्यात सोडली."

"आन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी नाही. एका पाण्याला एकदाच असते म्हणाला."

डोमाजींनी पळी पातेल्याच्या काठावर ठेवली. मग ते मंगरूकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताटातून न बोलता ते तोंडानं बोलले.

"राळ कुठची?"

"तुह्या डब्यातली, बा."

"हं." ते दाराकडे पाहून म्हणाले, "मी म्हनो, उंदरं राळ कवापासून खाऊन राहिले. उगाच बोललो या पोरीले."

"दोनदा बोलले, मामाजी," बेबीबाई दारातून हळूच म्हणाली.

ती वाढायला पुढं झाली तर डोमाजींनी हातानंच तिला थांबवलं. त्यांनी स्वतः पळी पातेल्यात घातली, तळापर्यंत नेली, आणि रोहूचं मुंडकं काढून मंगरूच्या ताटात ठेवलं. वरून दोन पळ्या रस्सा घातला. मंगरूनं मुंडक्याकडे पाहिलं, मग बापाकडे. मग खाली पाहिलं आणि तो तसाच बसून राहिला.

"खा. थंडा होते," डोमाजी म्हणाले.

मग माझ्या ताटात पाठीचा तुकडा आला. आणि साहेबांच्या ताटात शेपटी.

साहेबांनी शेपटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. पाहुण्याला शेपटी मिळालेली त्या घरात मी पहिल्यांदाच पाहत होतो. डोमाजींना ते जाणवलं असावं.

"तुमी मोठे मानूस जी, वाईट मानू नोका. पन त्या पान्यावर तुमी तसेच गेले न. धुरी याची होती."

साहेबांनी बाह्या वर केल्या. "माझं यंत्र तर दुरूनच बघतं, डोमाजी. पाण्याला हातही लावत नाही."

"मंग त्याले शेपटीई नोका देऊ," डोमाजी म्हणाले.

साहेबांनी शेपटी मनापासून खाल्ली. काटे कसे काढायचे ते मंगरू त्यांना दाखवत होता. एवढ्या वर्षांचा अभ्यास होता त्याचा. अधूनमधून तो आपल्या मुंडक्याकडे वळे. ते चोखताना त्यानं जो आवाज केला तो मोठ्या माणसांसमोर करू नये असं आम्ही शाळेत शिकवतो. त्या दिवशी मला तो धडा चुकीचा वाटला.

हात धुवायला सगळे उठले तेव्हा डोमाजी पितळी तांब्यानं मुलाच्या हातावर पाणी घालत होते.

"उद्या आसगावच्या तलावावर जायं पडते," ते म्हणाले. "तो तलाव आमाले नवाच आहे. तुही बस कवा आहे?"

"दुपारी आहे, बा," मंगरू म्हणाला.

बस खरं तर सकाळचीच होती. साहेबांना ते चांगलं माहीत होतं, कारण दोघं एकाच बसनं जाणार होते. साहेबांनी दातात अडकलेला शेपटीचा शेवटचा काटा काढला, नीट पाहिला, आणि म्हणाले,

"हो, दुपारचीच."